आणू भट्टी

जळालेल्या मोटारीचा वास मला दुरून कळतो. कुणी टेम्पोतून पाण्याची मोटार उतरवायच्या आधीच मी आतून ओरडतो, "एक फेज गेलता ना? मग बंद करायला काय झालतं? आता माझ्याकडं बघून तोंड पाडू नका!" सिरसाळ्याच्या रस्त्याला माझं वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं आणि मोटार परत शेताला धाडायची. तीस वर्षं झाली, हेच करतोय. लोक मला तापट म्हणतात. म्हणू देत. मोटारी जाळून हे आणणार आणि तापट मी!

एक गोष्ट मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही. आमच्या भागातली लाईट जितकी वाईट, तितका माझा धंदा चांगला. व्होल्टेज पडलं, फेज गेला, डीपी उडाली, की लोक कपाळाला हात लावतात आणि माझ्या दुकानात तांब्याची तार फिरायला लागते. मी तोंडानं हळहळतो, "लई वाईट झालं बगा," आणि मनात म्हणतो, चला, आठवडाभराचं काम आलं. माणूस आहे मी, पीर नाही.

आणि त्याच लाईटवर आमच्या अम्माचा श्वास चालतो.

अम्मा सत्तरीच्या पुढची. गावातले लोक तिला खाला म्हणतात, म्हणजे मावशी. घरात आम्ही दखनी बोलतो, पण राग आला की अम्मा मराठीवर येते, कारण भांडायला ती शेजारणींकडून शिकली. आयुष्यभर पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून तिनं चुलीवर भाकरी केल्या. गॅस आला तेव्हा म्हणाली, "गॅसवरची भाकरी मला न्हाई आवडत," आणि पुन्हा फुंकणी हातात घेतली. त्या धुरानं तिची फुप्फुसं कामातून गेली, असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि घरी ऑक्सिजनची मशीन ठेवायला लावली. दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ नाकात नळी पाहिजे, असा हुकूम.

अम्मानं त्या मशीनचं नाव सवत ठेवलं. "ह्याचे अब्बा होते तवर आणली न्हाई कुणी, अन् आता पोरानं आणून बसवली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मशीन घुरघुरायची, अम्मा तिच्यावर गुरगुरायची. लाईट गेली की मशीन बंद पडू नये म्हणून मी ट्रॅक्टरची मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडून दिला होता, स्वतःच्या हातानं. पण काय उपयोग? मी दुकानाला निघालो की अम्मा मशीन बंद करून नळी खुंटीला लटकवायची आणि दारात जाऊन बसायची. मी परत आलो की गाडीचा आवाज ऐकून मशीन चालू, नळी नाकात. मशीनच्या काचेत आकडे दिसतात किती तास चालली ते, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

"अम्मा, कावून असं करतीस?"

"मला आता कशाची वाट बघायची हाय रे? नातवंडं झाली, त्यांची लग्नं झाली. नळी घालून काय भिंत बघत बसू?"

मागच्या तपासणीला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि हळूच सांगितलं, "त्या मनावर घेत नाहीयेत. असंच चाललं तर पुढचं वर्ष अवघड आहे." मी मान हलवली. घरी येऊन अम्मावर खूप ओरडलो. भीती वाटली की मी ओरडतो, दुसरं काही मला येत नाही.

अशात आमच्या गावची ग्रामसभा आली.

आमचं गाव सिरसाळ्यापासून थोडं आत आहे. स्वच्छ विजेची माहिती गावोगाव देत फिरणारी एक संस्था होती. त्यांची एक इंजिनिअर बाई पुण्याहून येणार होती. कोळसा न जाळता वीज करणारी लहान अणुभट्टी म्हणजे काय, ती पुढंमागं खेड्यापाड्यांच्या कामाला येईल का, हे ती समजावून सांगणार होती. आणायचं काही नव्हतं, नुसती माहिती. ग्रामसेवकांनी फोनवरून आमच्या पंचायतीच्या शिपायाला विषय सांगितला. शिपाई माणूस देवगुणी, पण कानानं लिहिणारा. त्यानं शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहिलं, 'विषय : गावासाठी लहान आणू भट्टी.'

लिहून झाल्यावर त्याला ते वाचून चुकल्यासारखं वाटलं म्हणे. 'आणू भट्टी' असं कुणी बोलतं का? म्हणून भोंग्यावर सांगताना त्यानं स्वतःच्या अकलेनं ते सरळ केलं. सकाळी आठ वाजता सगळ्या गावानं ऐकलं, "समस्त गावकऱ्यांना कळवण्यात येतं की, आज अकरा वाजता शाळेत ग्रामसभा हाय. विषय, गावासाठी लहान भट्टी आणू. महिलांनी मोठ्या संख्येनं हजर राहावं!"

आता आमच्या गावात भट्टी म्हणजे एकच. वीटभट्टीला आम्ही वीटभट्टी म्हणतो. नुसतं भट्टी म्हणलं की हातभट्टी, नाल्याच्या काठची, नवसागर आणि गुळाची. वीस वर्षांपूर्वी ती भट्टी आमच्या अम्मानं फोडली होती. एकटीनं नाही, पंधरा-वीस बायका होत्या, पण पहिलं मुसळ अम्माचं. आमचे अब्बा त्या भट्टीचं रोजचं गिऱ्हाईक. "तुझ्या अम्मानं फोडली त्या मडक्यांत माझ्या वाट्याची बी होती," असं ते पुढं हसत सांगायचे. दारू सुटल्यावर अब्बा बारा वर्षं जगले आणि चांगले जगले. त्यामुळे भट्टी हा शब्द आमच्या घरात कुणी सहज काढत नाही.

मी सकाळीच दुकानात गेलतो. भोंगा ऐकला नव्हता. साडेअकराला शेजारणीचा फोन आला.

"भाऊ, लवकर या. खाला नळी काढून शाळेकडं गेल्यात. हातात मुसळ हाय."

"मुसळ? कशाला?"

"गावात भट्टी आणायलेत म्हणं. सगळ्या बायकांना घेऊन गेल्यात."

मी हातातली कॉइल तशीच टाकली. मोटारसायकलवर गावात कसा पोचलो ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की, रस्त्यात परळीच्या वीजकेंद्राकडून येणारे राखेचे दोन टिप्पर लागले आणि दोघांनाही मी शिव्या घातल्या. अम्माला दहा पावलं चालली की दम लागतो, आणि शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला.

शाळेच्या व्हरांड्यात गर्दी होती. मी पायरीवर पोचलो तेव्हा आत जे चाललं होतं, ते मी मेलो तरी विसरणार नाही.

समोर टेबलामागं इंजिनिअर बाई उभी होती. पस्तिशीची असेल, चष्मा, सुती साडी, मागं भिंतीवर एका उंच पिंपाचं चित्र. टेबलापुढं आमच्या गावच्या बायका. आणि सगळ्यांच्या पुढं, मुसळ काठीसारखं टेकवून, आमची अम्मा. तिचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता, पण आवाज खणखणीत.

"भट्टी कोण आणणार? त्याचं नाव सांग आदी!"

बाईला वाटलं, लोक अणुऊर्जेला घाबरतात, तशीच ही म्हातारी घाबरलीय. ती बिचारी हात जोडून म्हणाली, "आजी, तुमची काळजी बरोबर आहे. पण ही भट्टी जाड पोलादी भांड्यात पूर्ण बंद असते. बाहेर काही येत नाही."

"ऐकलं का गं?" अम्मा बायकांकडं वळली. "बंद भांड्यात! म्हंजी वास बी येणार न्हाई. पोलिसाला कळायचं कसं?"

"पोलिस असतील ना, आजी! बंदोबस्त चोवीस तास असतो."

"आता पोलिस बी राखणीला!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाई घाबरली, पण थांबली नाही. "आत पाणी तापतं, त्याची वाफ होते..."

"वाफच व्हती आमच्या वेळंला बी! पुढं?"

"वाफेचं काम झालं की ती नळीतून थंड करून पुन्हा..."

"नळी बी तीच!"

"आणि आजी, काही भट्ट्या तर जमिनीत पुरून ठेवतात."

"नाल्यात मडकी पुरूनच ठेवीत व्हते गं, मी माझ्या हातानं उकरलीत!"

"एकदा भरली की कित्येक वर्षं पुन्हा भरावी लागत नाही," बाई रडकुंडीला येऊन म्हणाली. तिच्या मते हा सगळ्यात चांगला मुद्दा होता.

बायकांमधून जो गलका उठला, त्यात सरपंच खुर्चीवरून उठून भिंतीला टेकले. अम्मानं मुसळ उचललं. मला खरं सांगायचं तर दोन गोष्टी एकदम झाल्या. एक म्हणजे, अम्मा आता पडते की काय, अशी मला भीती वाटली. आणि दुसरी सांगायला लाज वाटते. दारातून ते चित्र बघून आणि बाईचं बोलणं ऐकून मला कळलं होतं की, ही बाई न जाणाऱ्या लाईटबद्दल बोलतेय. न जाणारी लाईट, म्हणजे न जळणाऱ्या मोटारी. क्षणभर मला वाटलं, हाकलून द्या तिला, बरंच होईल. अम्माला खरं काय ते सांगायला मी दोन पावलं उशीर केला. तेवढा उशीर मीच केला, हे मला माहीत आहे.

मग व्हरांड्यातल्या फळ्याकडं माझं लक्ष गेलं. 'लहान आणू भट्टी.' मला असं हसू फुटलं की मी पायरीवरच बसलो. बसल्या बसल्या ओरडलो, "अम्मा! अगं ही भट्टी दारूची न्हाई! लाईटची हाय! अणू, अणू! अणुबाँबमधला अणू!"

सगळी सभा माझ्याकडं वळली. अम्मानं मुसळ खाली घेतलं.

"मग शिपाई 'आणू' कावून म्हणला?"

सगळ्यांनी शिपायाकडं बघितलं. शिपाई पाण्याच्या घागरीमागं गेला. तिथून बारीक आवाज आला, "फोनवर तसंच आलं, खाला. लिवताना एक काना जास्त पडला." मग जे हसू सुटलं, ते थांबेना. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. सरपंच डोळे पुसत होते. इंजिनिअर बाईला दोघा-तिघींनी मिळून समजावलं की, तिनं एवढा वेळ हातभट्टीचे गुण गायले. तेव्हा ती खुर्चीत बसून पदरात तोंड घालून इतकी हसली की तिचा चष्मा खाली पडला. अम्मानं वाकून तो उचलून दिला. वाकल्यावर मात्र तिला उठता येईना. मी धावलो, बाईनं आपली खुर्ची दिली, आणि अम्मा दम खात बसली. ओठ निळसर पडले होते.

"घरी चल," मी म्हणलं.

"थांब. एवढं आलेय तर ऐकून जाते." मग बाईला म्हणाली, "आता सांग बाई, पयल्यापासून."

बाईनं पहिल्यापासून सांगितलं, आणि यावेळी सोपं सांगितलं. परळीला काय करतात? कोळसा जाळून पाण्याची वाफ, वाफेनं चाक फिरतं, चाकानं वीज. इथंही तसंच, फक्त कोळशाच्या जागी युरेनियम नावाचा जड धातू. तो जळत नाही, त्याचे अणू फुटतात आणि उष्णता निघते. मोठी भट्टी बांधायला फार वर्षं जातात, म्हणून आता लहान भट्टी कारखान्यात तयार करून ट्रकवर आणायचा विचार चाललाय.

"धूर?" अम्मानं विचारलं.

"नाही."

"राख?"

"राख नाही. पण खोटं नाही सांगत आजी, वापरलेलं इंधन मागं उरतं. थोडंच असतं, पण फार वर्षं घातक राहतं. ते सांभाळून ठेवावंच लागतं. तुमच्या-माझ्या नंतरच्या माणसांनाही."

"पाणी?" हा प्रश्न एकदम चार-पाच जणांनी विचारला. बीड जिल्ह्यात हाच प्रश्न पहिला असतो. बाईनं कबूल केलं की, पाणी लागतं. कमी पाण्यावरच्या भट्ट्यांवर काम चालू आहे, पण आपल्याकडं कुठल्या खेड्यात अजून एकही उभी नाही. खर्चही मोठा आहे. मला ती बाई तिथं आवडली. एवढी खरं बोलणारी माणसं आमच्या शाळेत कमी येतात.

अम्मानं मुसळ मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी चूलच, पण बिनधुराची." स्वतःच्या छातीवर हात ठेवून तिनं ते म्हणलं. तिथं कुणी हसलं नाही.

"अन् लाईट जाणार न्हाई?"

"सहसा नाही, आजी. रात्रंदिवस एकसारखी."

तेवढ्यात मागून एक शेतकरी बोलला. त्याची मोटार मी वर्षातून दोनदा भरतो. "मग आमच्या वाइंडिंगवाल्याचं कसं व्हायचं?" सगळे माझ्याकडं बघून हसले. "तू गप बे!" मी खेकसलो. "आदी तुझा स्टार्टर बदल, मग बोल!" आणखी हसले. माझे कान मात्र गरम झाले होते.

सरपंचांनी विचारलं, आणखी माहिती मागवायचं आणि पाण्याचा प्रश्न लेखी विचारायचं पत्र पाठवायचं का? हात वर करा. बायकांचे हात वर गेले, पुरुषांचे गेले. शिपायानं घागरीमागून दोन्ही हात वर केले. माझा हात मांडीवरच राहिला. नुसत्या एका पत्रासाठी! पण उठेना.

अम्मानं बघितलं. "कावून रे? हात कुणी बांधला का?"

"न्हाई, ते... दुकान..." मी पुटपुटलो.

अम्माला सगळं कळलं. तीस वर्षं मी जे मनात म्हणत आलो, ते तिला पहिल्यापासून ठाऊक असणार. ती रागावली नाही. दम घेत घेत म्हणाली, "खुळा हायेस का? मोटार जळली न्हाई तरी झिजती की. बेअरिंग बदलत बस. तुझ्या हाताला काम कमी पडत नसतंय."

मी हात वर केला. चांगला उंच केला. ज्या लाईटवर माझ्या आईचा श्वास चालतो, ती वाईट असावी असं मी इतकी वर्षं मनात मागत होतो. माझं मलाच थोबाडावं वाटलं.

मग अम्मानं शेवटचा प्रश्न विचारला. "किती दिवसांत येईल?"

बाई जरा घुटमळली. "आजी, सगळं जमलं तरी दहा-बारा वर्षं. जास्तही लागतील. कदाचित इथं येणारही नाही."

पुढचं वर्ष अवघड आहे, हे डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात वाजलं. मी दुसरीकडं बघितलं. अम्मा बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं मुसळ टेकवलं आणि उठली. दारात थांबून शिपायाला म्हणाली, "फळा पुसू नकोस. बरोबर लिवलंस तू. आणू भट्टी. आणूच."

मोटारसायकलवर मागं अम्मा, तिच्या मांडीवर आडवं मुसळ, असे आम्ही गावातून घरी आलो. समोरून येणाऱ्याला बाजूला व्हावं लागत होतं. लोक दारात उभे राहून हसत होते आणि अम्मा एका हातानं मला धरून दुसरा हात मंत्र्यासारखा हलवत होती.

घरी आल्यावर मी भांडायच्या तयारीनं मशीन सुरू केली. नेहमीचं माझं बोलणं जिभेवर होतं. अम्मा पलंगावर बसली. खुंटीवरची नळी तिनंच काढली, फडक्यानं पुसली आणि उलटसुलट करून बघितली.

"ही नीट कशी बसवायची रे? मला टोचती. दाखव एकदा."

एवढ्या महिन्यांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. नळीची नाकात जाणारी टोकं खाली वळलेली पाहिजेत, ती इतके दिवस उलटी घालत होती. मी सरळ करून दाखवली, कानांमागून घेतली, हनुवटीखाली बसवली.

"हां. आता बरं वाटतंय," अम्मा म्हणाली. "आदीच सांगायचं न्हाई का? अन् त्या सवतीची जाळी धू बरं, धूळ बसलीय. आता दहा-बारा वर्षं चालवायची म्हंजी नीट ठेवाय पायजे."

"दहा-बारा वर्षं?"

"मग? ती बाई काय म्हणली? बिनधुराची चूल मला बगायचीय. एक भट्टी मी फोडली, एक आणून जाते."

मी जाळी काढली आणि अंगणातल्या नळावर धुवायला गेलो. जाळी तळहाताएवढी, धुवायला दोन मिनिटं लागतात. मी कितीतरी वेळ तिथं बसलो आणि नळ सोडून ढसाढसा रडलो. त्याच वेळी लाईट गेली. शेजारच्या घरातला टीव्ही बंद पडला, पिठाची गिरणी थांबली. आत मात्र मी जोडलेल्या बॅटरीवर मशीनची घुरघुर चालूच होती.

"कावून रडतूस रे?" आतून अम्मा ओरडली. "चालू हाय ती!"